कित्ता आणि वळण: कोल्हापूर घडवणारी काही माणसं

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी कळवला तो असा, ‘कोल्हापूर घडवणारी माणसं’. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, यादी करायला बसलो तर उद्या सकाळपर्यंत उठायचं नाही, आणि ज्यांचं नाव राहून जाईल त्यांच्या पेठेतले लोक मला घरी भेटायला येतील. (हशा) तेव्हा यादी मी करणार नाही. चार-पाच माणसांबद्दलच बोलेन. त्यातली काही तुमच्या ओळखीची आहेत, काहींची नावं तुम्ही जाताजाता ऐकली असतील.

सुरुवात मात्र राजर्षी शाहू महाराजांपासूनच करायला हवी, कारण या गावात दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. १८९४ साली ते गादीवर आले, १९२२ साली गेले. अठ्ठावीस वर्षं. या अठ्ठावीस वर्षांतले हुकूम आपल्याला पाठ आहेत. २६ जुलै १९०२ चा, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा. गंमत बघा, हा हुकूम निघाला तेव्हा महाराज स्वतः विलायतेत होते. मग १९१७ चा, सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा. १९१९ चा, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवणारा. शाळेच्या पुस्तकात हे सगळं असतं, आणि मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्याची एक वाईट खोड असते. सरळ दिसणाऱ्या गोष्टीला ‘पण हे झालं कसं?’ असं विचारायचं. तर हुकूम निघाला, ठीक. गॅझेटात छापला, ठीक. पुढं? कागद निघाला म्हणून गाव बदलतं का? तसं असतं तर आपल्या देशात एव्हाना काहीच करायचं शिल्लक राहिलं नसतं.

तुमच्यातल्या ज्येष्ठांना पाटी आठवत असेल. मास्तर वर एक ओळ लिहून द्यायचे. तो कित्ता. त्याखाली आपण गिरवायचं. कित्ता कितीही सुंदर असू दे, अक्षराला वळण लागायचं ते गिरवणाऱ्याच्या बोटांना. मास्तरांच्या बोटांना ते आधीच लागलेलं असायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल जवळपास हेच सांगून गेलाय. वीणा वाजवत वाजवत माणूस वादक होतो, तसा न्यायाची कामं करत करत तो न्यायी होतो. आधी न्यायी व्हायचं आणि मग कामं करायची, असा क्रम नसतो. गावाचंही तसंच असावं असं मला वाटतं. शाहू महाराजांनी कित्ता घालून दिला. तो गिरवला कुणी? आज मला या गिरवणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

पहिलं नाव गंगाराम कांबळे.

गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण ती सांगताना आपण एका जागी हमखास घाई करतो. गंगाराम हे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. दलित समाजातले. महाराज बाहेरगावी असताना, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराज परत आल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणं घातलं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, आणि महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’.

गिऱ्हाईक येईना. येणार कसं? दलिताच्या हातचा चहा. मग महाराजांचा खडखडा त्या रस्त्यानं यायचा, हॉटेलपुढं थांबायचा, आणि महाराज चहा मागवायचे. स्वतः प्यायचे, बरोबरच्यांनाही द्यायचे. सांगतात की, सही किंवा कामासाठी येणाऱ्या बड्या मंडळींनाही ते तिथंच गाठायला लावायचे. राजा पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना कप नाकारायची सोय राहिली नाही.

आता आपण घाई कुठं करतो ते सांगतो. गोष्टीत खडखडा येतो आणि टाळ्या पडतात. पण खडखडा किती वेळ थांबत असेल? पंधरा मिनिटं धरा. रोज येत असेल असंही नाही. दिवसाचे उरलेले तास? त्या तासांचं वर्णन कुणी करत नाही. चूल पेटलेली, आधण ठेवलेलं, दूध आणलेलं, ते नासायच्या आत खपायला पाहिजे, आणि समोरून माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाताहेत. संध्याकाळी हा माणूस उरलेलं दूध घरी नेत असेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चूल पेटवत असेल. हे मी कल्पनेनं सांगतोय, हे कबूल. पण ज्यानं कधी लहानसा धंदा केलाय त्याला विचारा, पहिले सहा महिने काय असतात. महाराजांचं धाडस मोठंच. मात्र महाराज चहा पिऊन वाड्यावर जाऊ शकत होते. गंगारामांना त्याच फळीवर बसून राहायचं होतं. मार ज्यांनी दिला होता त्यांच्याच गावात.

या चहाच्या गोष्टीला माझ्या घरातली एक गोष्ट जोडून आहे. ती सांगावी की नाही, यावर मी काल रात्री बराच वेळ घातला. सांगतो.

आमचं मूळ घर करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात. परसदारी भिंतीत एक कोनाडा होता, आणि त्यात एक पांढरा कप. कान तुटलेला, वर निळी रेघ. शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या गड्यासाठी तो वेगळा ठेवलेला. तो यायचा, कप स्वतः काढायचा, आजी वरून चहा ओतायची, तो प्यायचा, विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. मला जन्मापासून ते दृश्य दिसत होतं, त्यामुळं ते दिसतच नव्हतं म्हणा. राज्यघटना लागू झाली १९५० साली. सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपली. १९५५ साली ती पाळणाऱ्याला शिक्षेचा कायदा झाला. कप कोनाड्यातच.

मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकत होतो. १९७२ चा दुष्काळ होता, मी एम. ए. करत होतो, आणि नीतिशास्त्र हा माझा खास विषय. कांटचा सिद्धांत मला तोंडपाठ होता, की माणसाला कधीही नुसतं साधन समजू नये. सुट्टीत घरी गेलो की तो कप आता मला दिसायचा. आणि मी गप्प. आजी दुखावेल, शेजारी काय म्हणतील, एवढ्यातेवढ्यावरून घरात वाद कशाला, अशी कारणं मी स्वतःला द्यायचो. कारणं शोधण्यात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी फार तयार असतो.

एक दिवस आईनं चहा गाळला. पाच कप होते, ताटलीत मांडले. त्यातला एक उचलून तिनं परसदारी नेऊन त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. एवढंच. बोलली काही नाही. आई चौथी शिकलेली. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि शेजारच्या दोन बायका दोनेक महिने आमच्याकडं हळदीकुंकवाला आल्या नाहीत. मग यायला लागल्या. तो कान तुटलेला कप पुढं कुठं गेला, मला ठाऊक नाही. म्हातारा पहिल्या दिवशी तो चांगला कप हातात धरून बराच वेळ उभा होता. चहा निवला असेल.

नीतिशास्त्रात मला त्या वर्षी पहिला वर्ग मिळाला.

असो. पुढं जाऊ.

चहाचं जसं, तसं आंघोळीचं. हा दुसरा माणूस कोल्हापूरचा कायमचा रहिवासी नव्हता, इथं शिकायला होता. कुंभोजचा भाऊराव पाटील. पुढचे कर्मवीर. कोल्हापूरला वसतिगृहांचं गाव म्हणतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अशी एकेक जातीधर्माची बोर्डिंगं निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलं. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्कच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, तिथं जाऊन आलास, आंघोळ कर, मगच भोजनगृहात पाऊल टाक. हा पोरगा म्हणाला, करणार नाही. बोर्डिंग सुटलं.

विचार करा, केवढीशी गोष्ट. दोन तांबे पाणी अंगावर घेतलं असतं तर जेवण मिळालं असतं, शिक्षण सुरळीत झालं असतं, आणि मनातून तो समानतावादी राहिलाच असता. आपण बहुतेक जण तेच करतो. समारंभाला जाणं हे कित्त्याकडं बघणं होतं. आंघोळ न करणं हे गिरवणं. आणि त्या हट्टातून पुढं काय उभं राहिलं, बघा. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह, जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथं आले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कोल्हापुरात प्रत्येक जातीचं बोर्डिंग वेगळं होतं. त्या काळात ते तसं असणं भाग होतं, नाहीतर मुलं आलीच नसती. पण एका खोलीत सगळ्यांना झोपवायचं काम कोल्हापुरातून बाहेर काढलेल्या मुलानं साताऱ्यात केलं. आपण कोल्हापूरकरांनी याचा अभिमान बाळगावा की थोडं ओशाळावं, हे मी तुमच्यावर सोडतो. (हशा)

समोरून कुणीतरी म्हणतंय, सर, कलावंतांबद्दल बोला. बोलतो. कलापूर म्हणवतो ना आपण.

अल्लादिया खाँसाहेब. जन्म १८५५, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला. आवाज जाणं म्हणजे गवयाचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. परत आला तो बदललेला, जाडसर. त्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. लयीला घट्ट धरून वळसे घेत जाणारी, अवघड, अनवट रागांची. आज आपण जिला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो, ती. १८९५ च्या आसपास ते शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज जाईपर्यंत कोल्हापुरात राहिले. पाव शतक.

दरबारी गवई नेमणं सोपं आहे. पगार बांधला की झालं. पण ही गायकी ऐकणं सोपं नव्हतं, आजही नाही. गाव ऐकायला शिकतं कसं? बैठकीला बसून, न कळता बसून, पुन्हा बसून. आपल्याकडं देवल क्लब १८८३ पासूनचा आहे. तिथं ज्यांनी सतरंजीवर मांडी घालून वर्षानुवर्षं कान दिला, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. कुणी वकील, कुणी दुकानदार, कुणी शाळामास्तर. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले, इथल्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांचा भैरवीतला सूर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. राजस्थानच्या कोरड्या मुलखातून आलेला एक मुसलमान गवई, त्याला आश्रय देणारं अंबाबाईचं गाव, आणि गोव्याची शिष्या. या गावाचं वळण हे असं होतं. भूतकाळ वापरला, तो मुद्दाम.

सिनेमाच्या बाबतीत कित्ता राजवाड्यातून आला नाही. तो मंगळवार पेठेतून आला. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, १८९० चा जन्म. नाटकांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना कॅमेरा बनवायचं वेड लागलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बनवायचा. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण त्याला वळसा घालून रोज गाडी नेतो, तो याची आठवण आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला, आणि लोकमान्यांनी बाबूरावांना सिनेमा केसरी म्हटलं. इथून पुढची वंशावळ तुम्हाला पाठ आहे. याच कंपनीत शिकलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ मध्ये बाहेर पडले, आणि प्रभात उभी राहिली.

मला थांबायचंय ते तीन बायकांपाशी. एक तानीबाई कागलकर. गाण्यातल्या. ज्या धंद्याला अजून नाव नव्हतं त्यात त्यांनी बाबूरावांना भांडवल दिलं. दुसऱ्या दोघी, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. ‘सैरंध्री’त त्यांनी कामं केली. तोवर बायकांची कामं बहुधा पुरुषच करत. या दोघींना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. बाबूरावांच्या नावानं स्तंभ आहे, आणि तो असायलाच हवा. पण पडद्यावर पहिल्यांदा उभं राहायची किंमत घर गमावून या दोघींनी मोजली. तानीबाईंचं नाव या सभागृहातल्या किती जणांनी आजच्या आधी ऐकलं होतं? हात वर करा. सहा... सात. ठीक.

वेळ होत आलाय. बिंदू चौकापर्यंत जाऊन थांबतो.

मध्ये एक नाव मात्र घ्यायलाच हवं, डॉ. बाळकृष्ण. मुलतानचे. १९२२ ते १९४० राजाराम कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी शिवचरित्राचे चार इंग्रजी खंड लिहिले, आणि कोल्हापुरात विद्यापीठ असावं हे स्वप्न बघितलं. ते उघडायला १९६२ साल उजाडलं. उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक राष्ट्रपती होऊन आला, ही आमच्या जमातीची त्या दिवसाची एकमेव कमाई. (हशा)

तर बिंदू चौक. भाई माधवराव बागल, जन्म १८९५. वडील खंडेराव बागल सत्यशोधक, ‘हंटर’ पत्राचे संपादक. माधवराव स्वतः चित्रकार. पुढं प्रजा परिषदेच्या चळवळीत पडले, संस्थानी राज्यकारभाराशी भांडले. शाहू महाराजांबद्दल नितांत आदर असलेला माणूस, पण त्याच गादीच्या पुढच्या कारभाराला जाब विचारायला कचरला नाही. कित्ता गिरवणारा नेहमी कित्ता घालणाऱ्याच्या घराण्याला आवडतोच असं नाही.

९ डिसेंबर १९५० रोजी बागलांनी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, दिल्लीत कायदामंत्री होते. घटना लागू होऊन वर्ष पुरं व्हायचं होतं. मराठा समाजातला एक चित्रकार भर चौकात, जिथून भाजी घेऊन, दूध घेऊन, कामावर जाणारी सगळी पेठ जाते, तिथं हयात असलेल्या दलित नेत्याचा पुतळा उभा करतो. आज सगळीकडं पुतळे आहेत, त्यामुळं त्यात धाडस काय होतं ते कळत नाही. ते कळायचं तर मनातून पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं पुसून टाकावी लागतात. आमच्या घरातला कप त्या दिवशी कोनाड्यात होता, एवढंच मी सांगू शकतो.

मला कुणीतरी मागं विचारलं होतं, सर, शाहू महाराजांचं सगळ्यात पहिलं स्मारक कुणी उभं केलं? मला वाटलं दरबारानं, नाहीतर एखाद्या बोर्डिंगनं. तसं नाही. ते नर्सरी बागेत उभं राहिलं, आणि ते उभारलं गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. चहावाल्यानं. नर्सरी बाग इथून लांब नाही. येत्या रविवारी सकाळी आमच्यातले काही जण चालत जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी साडेसहाला भाऊसिंगजी रोडच्या टोकाला भेटा. चहा तिथंच घेऊ.

आता प्रश्न घ्या. ते मागचे गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, आधी त्यांना माइक द्या.